वेग नाही, कोन

श्रोतेहो, नमस्कार.

वारा कमी पडला की आपण पंख्याचा रेग्युलेटर पुढे सरकवतो. हल्ली रिमोटचे पंखे आलेत, आणि रिमोट सापडेपर्यंत माणूस घामाने निथळतो, पण ते असो. हेलिकॉप्टरमध्ये वजन वाढलं की वैमानिकही पाती जोरात फिरवत असेल, असं वाटतं ना? नाही. फेरे जवळपास तेवढेच राहतात. तो डाव्या हाताचा दांडा वर ओढतो आणि सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो. वेग नाही, कोन! पाती जास्त तिरकी, म्हणून हवा जास्त जोराने खाली, म्हणून उचल जास्त. मात्र इंजिनाला जोर जादा लागतो. आणि कोन फारच वाढवला, तर पात्यावरून हवा सुटते, उचल ढासळते.

उंचावर हवा विरळ. तिथे हलकं ओझंही जड होतं. म्हणून तर भारतीय सेनादलांच्या गरजेसाठी फ्रान्समध्ये लामा हेलिकॉप्टर घडलं. तेच आपलं चीता, सियाचिनवाल्या जवानांचा जुना सोबती. सभेच्या मैदानावर धुरळा उडवत उतरणाऱ्या हेलिकॉप्टरपेक्षा मला त्याचं कौतुक अधिक.

तर २१ जून १९७२. फ्रान्समधलं इस्त्र. एक्कावन्न वर्षांचा वैमानिक जाँ बुले लामात बसला. वजन कमी करायला नको ते सगळं सामान आधीच काढून टाकलेलं. चढत चढत गडी पोहोचला १२,४४२ मीटरवर. एव्हरेस्टच्याही साडेतीन किलोमीटर वर! विक्रम झाला. उतरायला म्हणून त्याने इंजिनाचा जोर कमी केला, आणि त्या थंडीत इंजिन विझलं. पुन्हा पेटेचना.

आता? पुन्हा तेच, कोन! दांडा खाली केला की पात्यांचा कोन कमी होतो. हेलिकॉप्टर खाली येतं, खालून येणारी हवा पात्यांना फिरवत ठेवते. जत्रेतलं भिरभिरं घेऊन पोर धावतं ना, तसं. बुले असा बारा किलोमीटर खाली आला, इंजिनाशिवाय. जमीन जवळ आली की मात्र दांडा वर ओढायचा. फिरत्या पात्यांत साठलेला जोर तेव्हा उचल देतो, पण एकदाच. हात लवकर उचलला तर जोर वरच संपतो, उशीर झाला तर जमीन गाठते.

बुलेने तो नेमक्या क्षणी ओढला. लामा अलगद टेकलं.