दोन, चार, सहा

नमस्कार श्रोतेहो. आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. दोन, चार, सहा. हे तीन आकडे एका नियमात बसतात. नियम माझ्या मनात आहे, तुम्ही तो ओळखायचा. तुम्ही आणखी तीन-तीन आकडे सांगून बघायचे, आणि मी ‘बसतात’ किंवा ‘नाही बसत’ एवढंच म्हणणार.

बहुतेक जण म्हणतात, आठ, दहा, बारा. बसतात. वीस, बावीस, चोवीस. बसतात. शंभर, एकशे दोन, एकशे चार. तेही बसतात. मग छाती फुगवून उत्तर येतं: दोन-दोननं वाढणारे सम आकडे! चूक. नियम इतकाच होता, की पुढचा आकडा मागच्यापेक्षा मोठा हवा. एक, सात, नव्वदसुद्धा बसले असते. पण ते विचारायचं सहसा कुणाला सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं.

पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं हे कोडं १९६० साली विद्यापीठातल्या २९ विद्यार्थ्यांना घातलं. पहिल्याच उत्तरात नियम बरोबर सांगणारे निघाले ६. बाकीचे काही गणितात कच्चे नव्हते. आपला अंदाज एकदा आवडला, की ‘हो’ ऐकायला मिळेल असेच प्रश्न आपण विचारतो, एवढंच.

डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञानं अठराव्या शतकात म्हणून ठेवलं, की बुद्धी ही भावनांची दासी आहे. मला ते अर्धंच पटतं. दासी खरी, पण मोठी खोडकर. स्वतःच्या बाजूचं भोक तिला दिसत नाही आणि समोरच्याचं मात्र अंधारातही दिसतं. हे कोडं मी एकदा दोघा भावंडांना एकत्र घातलं. थोरली सम आकड्यांवर अडून बसली होती. धाकट्यानं निव्वळ तिला चिडवायला म्हटलं, “दहा, पाच, एक!” मी म्हटलं, नाही बसत. खेळातला तो पहिला नकार. दोघंही एकदम गप्प झाली, आणि मिनिटभरात नियम सापडला. निंदकाचं घर शेजारी असावं म्हणतात. इथे तर ते घरातच होतं.

मग चार माणसं जमली की शहाणपण वाढतं, असं समजायचं का? तसंही नाही. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात केलेला प्रयोग आठवा. खोलीत रांगेनं माणसं बसलेली. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, आणि त्यातली पहिलीएवढी कोणती ते सांगायचं. लहान मूलही सांगेल. पण रांगेतला एक सोडून बाकी सगळे आधीच पढवलेले. ते ठरवून, एकापाठोपाठ एक, शांतपणे चुकीची रेघ सांगतात. शेवटाकडे बसलेल्या त्या एकट्याची पाळी येते. तो पुन्हा रेघांकडे बघतो, शेजाऱ्यांकडे बघतो, खुर्चीत चुळबुळतो. अशा वेळी दिलेल्या उत्तरांपैकी एक तृतीयांशाहून जास्त उत्तरं रांगेबरोबर वाहवत गेली. एकट्यानं उत्तर लिहायचं असलं, तर चूक जवळजवळ होतच नसे.

नंतर ॲश यांनी पढवलेल्यांपैकी एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. एकालाच, फार नाही. चुका जवळपास पावपटीवर आल्या. त्याहून गंमत म्हणजे, या फुटलेल्या माणसानं रांगेपेक्षाही चुकीचं उत्तर दिलं, तरी चुका खूपच उतरल्या. म्हणजे तो बरोबर असायचीही गरज नव्हती. रांग मोडली होती, तेवढं पुरलं. अगदी आमच्या धाकट्यासारखं.

प्रयोगानंतर, न पढवलेल्या लोकांना त्या खरं उत्तर देणाऱ्या साथीदाराबद्दल विचारलं. माणूस भला वाटला, त्याच्यामुळे धीर आला, असं त्यांनी सांगितलं. मग तुम्ही ठाम राहिलात ते त्याच्यामुळेच का? छे, छे, म्हणाले. तो नसता तरी आम्ही हेच उत्तर दिलं असतं.

नमस्कार.