फायटरच्या टाकीत जेवणाची वेळ

(दृश्य: काचेला लागून निळा नर फायटर, अगदी जवळून)

या माशाचं तोंड बघा. वरच्या दिशेला वळलेलं. थायलंडच्या भातखाचरांतल्या उथळ पाण्यात वर पडणारे किडे आणि डासांच्या अळ्या टिपणारा हा बेट्टा. आपल्याकडे दुकानात त्याला फायटर म्हणतात. एखादा दाणा तळाला गेला, तर तो हुडकत खाली जाईलच असं नाही.

ही टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पाणी साधारण 50 लिटर. फायटर एकच, सोबत चार प्लॅटी मासे आणि तळाशी वावरणारे सहा मिशीवाले कोरीडोरस. बोअरचं क्षाराचं पाणी प्लॅटीला मानवतं. गप्पीचा नर मात्र यात नको. त्याची झुलती शेपटी बघून फायटर अंगावर जातो.

दाणे टाकले की काय होतं? प्लॅटी चपळ, फायटरला लांब पंखांचं ओझं. तो पोचेपर्यंत ताट रिकामं. मग तो उपाशी राहिला म्हणून माणूस आणखी चिमूटभर टाकतो, आणि ते खड्यांत जाऊन कुजतं.

म्हणून आधी फिल्टर बंद करायचा, नाहीतर धारेबरोबर दाणे खाली जातात. उजव्या कोपऱ्यात प्लॅटींना स्पिरुलिनाचे (एक प्रकारच्या शेवाळाचे) पापुद्रे, दोन मिनिटांत संपतील एवढेच. त्या तिकडे गुंतल्या की डाव्या कोपऱ्यात बोटाच्या टोकावरून फायटरसाठी एक दाणा सोडायचा. तो गिळला की दुसरा, मग तिसरा. एक मिलिमीटरचे तीन दाणे सकाळी, तीन संध्याकाळी. माणूस दिसला की तो काचेशी येऊन नाचतो, पण ती भूक नव्हे, सवय आहे. पाच मिनिटांनी फिल्टर आठवणीने चालू करा.

(दृश्य: वाटीत भिजणाऱ्या सुक्या अळ्या)

सुकवलेल्या अळ्या दहा मिनिटं भिजवूनच द्या, कोरड्या दिल्या तर पोटात फुगतात. फायटरचं पोट टम्म दिसलं, तो तिरका पोहू लागला, तर दोन दिवस काहीच देऊ नका, नंतर डाफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, द्या. वाटाणा उकडून देण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण हा मांसाहारी मासा आहे, वाटाणा त्याचं अन्न नव्हे.

एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात टाकीतला प्रत्येक जास्तीचा दाणा पाण्याच्या हिशेबात धरावा लागतो. बेताने खाऊ घातलं तर या टाकीला आठवड्याला एक बादली पाणी बदललं तरी भागतं. जास्त झालं की कुजलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो, आणि क्षाराच्या, जास्त पीएचच्या पाण्यात तो अधिक विषारी ठरतो. मे महिन्यात तर पाणी तापून त्यातला प्राणवायूही कमी होतो. लाइट गेली, फिल्टर थांबला, तर ती येईपर्यंत खाद्य देऊच नका. एक वेळ उपाशी राहून मासा मरत नाही. उलट परभणीच्या थंडीत हीटरशिवाय पाणी 20 अंशांखाली उतरलं तर पचन मंदावतं. तेव्हा दिवसातून एकदा दोनच दाणे, आणि हीटर 26 वर लावायची सोय लवकर करा.

नळाला रोज पाणी नाही म्हणून अंगणात बॅरल भरलेले असतात, त्यांत डासांच्या अळ्या होतात. बॅरल स्वच्छ असेल तर गाळणीने पाच-सहा काढून एका वेळच्या दाण्यांऐवजी द्या. फायटर त्यावर तुटून पडतो. जास्त टाकू नका; उरलेल्यांचे घरातच डास होतील.

(दृश्य: दिवा बंद, तळाशी अंधुक उजेड)

कोरीडोरस उष्ट्यावर जगतात हा समज चुकीचा. दिवा मालवल्यावर, वरचे मासे शांत झाले की, बुडणाऱ्या छोट्या गोळ्या टाका, प्रत्येकी एक. आता बघा, मिशांनी खडे चाचपत एकेक जण गोळीपाशी येतोय.