बी७वरचा उंट

आज बुद्धिबळाचा एकच डाव पाहू, पण सावकाश. १५ जानेवारी २०१३, नेदरलँड्समधलं वाइक आन झी. पांढरे मोहरे लेव्हॉन अरोनियनकडे, काळे विश्वनाथन आनंदकडे. आनंद तेव्हा जगज्जेता होता. घरांची नावं अशी: उभ्या रांगा पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या पांढऱ्याच्या बाजूनं १ ते ८.

पहिल्या अकरा खेळ्या भरभर लावतो: सेमी-स्लाव नावाची सुरुवात, तिचा मेरान प्रकार. आता काळ्याचे उंट बघा. एक डी६वर, दुसरा बी७वर. बी७वरच्या उंटापुढे सी६वर त्याचंच प्यादं बसलंय. तो कोंडलेला आहे, हे लक्षात ठेवा.

अरोनियन घोडा जी५वर आणतो. डोळा एच७च्या प्याद्यावर. आपल्यापैकी बहुतेक जण आधी ते प्यादं वाचवायला बघतील. आनंद सी५ खेळतो. एच७ जाऊ दे, पण उंटाची वाट उघडली. ही कल्पना पटावर बसल्यावर सुचलेली नव्हती. २०१२च्या गेलफांडविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीसाठी केलेल्या तयारीतून ती आली होती. त्यानं तिची किंमत तसूभर कमी होते असं मला वाटत नाही. घरी बसून हे शोधायलाही आनंदच लागतो.

पांढरा घोडा एच७ मारतो, आता एफ८चा हत्ती त्याच्या माऱ्यात. काळा हत्तीकडे बघतही नाही, घोडा जी४वर नेतो. एच२वर मात दिसायला लागते, म्हणून पांढरा एफ४ करून डी६च्या उंटाची रेघ अडवतो. डी४वर प्याद्यांची मारामारी होते आणि तो उंट शांतपणे सी५वर सरकतो. एक रेघ बंद झाली, तर दुसरी धरली. आता उंट आणि जी१वरचा राजा यांच्यामध्ये फक्त डी४चं प्यादं.

अरोनियन उंट ई२वर घेतो, जी४च्या घोड्यावर मारा करत. आणि सोळाव्या खेळीला काळ्याचा डी७चा घोडा ई५वर येतो. दोन प्याद्यांच्या तोंडात! डी४चं प्यादं या घोड्याला मारूच शकत नाही, कारण ते हललं की राजाला शह. मग एफ४नं मारलं तर? वजीर डी४ मारून शह देतो. राजा कोपऱ्यात, एच१वर. वजीर जी१वर, पुन्हा शह. सी५च्या उंटाचा जोर असल्यानं राजा त्याला मारू शकत नाही, हत्तीलाच मारावं लागतं. आणि घोडा एफ२वर: मात. सी२चा पांढरा वजीर एफ२वरचा घोडा का मारत नाही? मध्ये ई२वर त्याचाच उंट उभा आहे. मी हा डाव कितीदा मांडला असेल, या जागी दर वेळी थबकतो.

अरोनियनला हे दिसलं. त्यानं उंटानं जी४चा घोडा घेतला, काळ्याच्या उंटानं डी४ मारून शह दिला, मग दुसऱ्या घोड्यानं जी४ परत घेतलं. पांढऱ्यानं हत्ती खाल्ला. यावर काळ्याचं उत्तर एफ५: खाल्लेल्या हत्तीचा बदलाही लगेच नाही, आधी पांढऱ्या वजिराची एच७कडची तिरकी वाट बंद. एफ८चा घोडा जी६वर पळतो, पण दोन खेळ्यांत वजीर त्याला टिपतो. दोन्ही उंट राजाकडे रोखलेले बघून १९०७चा, लोझ शहरातला एक डाव आठवतो. तिथं रॉटलेवीविरुद्ध रुबिनस्टाइनचेही दोन उंट असेच राजावर रोखलेले होते, आणि घोडाही जी४वरच.

शेवट बघू. काळा वजीर एच५वर. एच३चं प्यादं वजिरामुळे जखडलेलं (हललं तर मागच्या राजाला शह), जी२चं बी७च्या उंटामुळे. एच३ वाचवायला पांढरा वजीर डी३वर येतो. आनंद डी४चा उंट ई३वर ठेवतो, बरोबर मध्ये. पांढऱ्याकडे अजून उंटाच्या बदल्यात हत्ती जास्त आहे, तरी अरोनियननं इथं डाव सोडला. सी१च्या उंटानं ई३ घेऊन बघा. आता तोच उंट आपल्या वजिराच्या आड उभा. काळा वजीर एच३वर, शह. राजा जी१. वजीर जी२वर, मात. जी२ला जोर कुणाचा, ते बघा.