फेराबाहेरची माणसं

मंडळी, आपल्याकडे होरा चुकतो, रोमानियात होरा नाचतात. एकमेकांचे हात धरून फेर धरायचा, तो होरा. पण रविवारी दुपारी गाव नाचायला जमतं, त्या जमावालाही तिथे होराच म्हणतात. हे दोन अर्थ ध्यानात ठेवा. दोन महायुद्धांमधल्या रोमानियन कलेत मला जो झगडा दिसतो, तो या दोन अर्थांमधलाच आहे.

फेर म्हणजे एकी, हे तिथे जुनंच. 1859 मध्ये मोल्दाविया आणि वालाकिया ही दोन संस्थानं एकत्र आली, त्या काळातलं 'ऐक्याचा होरा' हे गाणं आजही 24 जानेवारीला म्हणतात. 1918 नंतर ट्रान्सिल्वेनिया, बेसाराबिया, बुकोविना हे प्रांत आले आणि देश दुपटीहून मोठा झाला. मग यातला खरा रोमानियन कोण? 1930 च्या जनगणनेत पाचातली चार माणसं खेड्यातली निघाली. उत्तर आयतंच होतं: शेतकरी. चित्रकार कामिल रेस्सू, श्तेफान दिमित्रेस्कू यांनी धिप्पाड, ठसठशीत शेतकरी रंगवले. कवी लुचियान ब्लागा यांनी तर 1937 मध्ये रोमानियन अकादमीत आपल्या स्वागतसमारंभात खेड्याचंच गुणगान केलं. त्याच्या काही वर्षं आधी कडव्या उजव्यांचा पुढारी कोद्रेआनू शेतकऱ्याचा पांढरा पोशाख घालून, पांढऱ्या घोड्यावर बसून गावोगाव फिरला, तेव्हा या पोशाखाचं काय होऊ शकतं ते दिसलं.

आता दुसरा अर्थ. लिव्यू रेब्रेआनू यांची 'योन' ही कादंबरी 1920 ची, गोष्ट मात्र महायुद्धाआधीच्या ट्रान्सिल्वेनियातली. ती सुरू होते रविवारच्या नाचानं. धूळ उडतेय, जोड्या गरगरतायत. इथे गोल फेर नाही, जोडीचा नाच आहे. योन गरीब घरचा. त्याचा जीव जडलाय फ्लोरिकावर, पण तीही गरीब. तो नाचतोय अॅनाबरोबर, कारण तिच्या बापाकडे जमीन आहे. योनला बाईपेक्षा बांध जास्त दिसतो, असं म्हटलं तरी चालेल.

आणि नाचणाऱ्यांपलीकडे बघा. गावातली बडी मंडळी एका बाजूला बोलत उभी आहेत. योनचा बाप जवळच घुटमळतोय. बोलण्यात भाग घ्यायची फार इच्छा, पण श्रीमंतांत शिरायचा धीर नाही. रेब्रेआनू म्हणतात, स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या कुत्र्यासारखा. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. लग्नाच्या मांडवात असा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलाय. मग अॅनाचा बाप झिंगून येतो आणि सगळ्यांदेखत योनला भिकारडा म्हणतो. पुढे योन जमीन मिळवतोही; पण अॅना गळफास घेते आणि शेवटी योनचाही खून होतो.

वाजवणारे कोण? रोमा, ज्यांना तिथे जिप्सी म्हणत. वालाकिया-मोल्दावियात 1855-56 पर्यंत रोमा लोक गुलाम होते. मठ आणि जमीनदार त्यांची मालकी बाळगत. त्यांच्या वादनाशिवाय गाव नाचू शकत नव्हतं, तरी त्यांची वस्ती गावाच्या कडेलाच.

दिमित्रिए गुस्ती या समाजशास्त्रज्ञाचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. 1925 पासून ते विद्यार्थ्यांना घेऊन दरवर्षी एखाद्या गावात मुक्काम करत आणि कोणाकडे किती जमीन, कोण काय खातं, हे विचारत. संगीतज्ञ कोन्स्तान्तिन ब्राइलोयू मेणाच्या नळकांड्यांवर गाणी उतरवून घेत. यातूनच 1936 मध्ये बुखारेस्टला ग्रामसंग्रहालय उभं राहिलं. घरं गावांतून उचलून आणली, आणि सुरुवातीला त्यांत राहायला शेतकऱ्यांची कुटुंबंही.

बरं, दिवे मालवा. पहिलं चित्र रेस्सूंचं, गवत कापून विसावलेल्या शेतकऱ्यांचं. यात कोणीच नाचत नाही. सगळे बसलेत.