नाव निवडणारी मुलगी

नमस्कार श्रोतेहो.

आज तुम्हाला एका नावाची गोष्ट सांगायची आहे. १९६१ सालचा जानेवारी महिना. अमेरिकेतलं डेट्रॉइट, मोटारींच्या कारखान्यांचं शहर. तिथल्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या रस्त्यावर २६४८ क्रमांकाचं एक दुमजली घर आहे. दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘हिट्सव्हिल यू.एस.ए.’ मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचं ऑफिस आणि स्टुडिओ, दोन्ही याच घरात. आत चार मुली करार करायला आल्या आहेत. सगळ्या सोळा-सतरा वर्षांच्या. अडचण एकच आहे: कंपनीचे मालक बेरी गॉर्डी यांना त्यांच्या गटाचं नाव पसंत नाही.

‘प्रायमेट्स’ हे ते नाव. खरं तर ते उसनंच होतं. ‘प्राइम्स’ नावाचा मुलांचा एक गायकगट होता, त्याची बहीण शोभावी म्हणून हा मुलींचा गट उभा केला गेला आणि त्याला तसंच नाव पडलं. आता नवीन नाव हवं होतं. गटातल्या फ्लोरेन्स बॅलर्डच्या हातात नावांची एक यादी आली आणि तिने त्यातून एक उचललं. द सुप्रीम्स. बाकीच्या मैत्रिणींना ते फारसं रुचलं नाही. डायना रॉसला तर ते मुलांच्या गटाचं नाव वाटलं. पण फ्लोरेन्सने निवडलं आणि तेच ठरलं.

श्रोतेहो, हा प्रसंग लक्षात ठेवा. सात वर्षांनी याच नावापाशी आपल्याला परत यायचं आहे.

फ्लोरेन्सला सगळे फ्लो म्हणायचे. ती तेरा भावंडांतली एक. डेट्रॉइटच्या ब्रूस्टर या सरकारी वसाहतीत या मुली वाढल्या. दक्षिणेकडच्या राज्यांतून कामाच्या शोधात आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची ही वसाहत. फ्लोचे वडीलही मोटारींच्याच कारखान्यात होते. गटात सगळ्यात आधी फ्लो आली. तिने मेरी विल्सनला आणलं, मग डायना आली. चौथी मुलगी मधल्या काळात एकदा बदलली आणि १९६२ मध्ये तीही गेली. तेव्हापासून या तिघी. फ्लो, मेरी आणि डायना.

मोटाउनचं दार त्यांच्यासाठी सहज उघडलं नव्हतं. गॉर्डी यांनी पहिल्यांदा गाणं ऐकलं आणि आधी शाळा पुरी करा, असं सांगून त्यांना परत पाठवलं. या मुलींनी काय केलं असेल? शाळा सुटली की त्या रोज तिथे जाऊन बसायच्या. कुणाच्या रेकॉर्डमध्ये टाळ्या वाजवायला माणसं कमी पडली तर टाळ्या वाजवायच्या, मागचे सूर धरायला कुणी हवं असेल तर सूर धरायच्या. अशा टाळ्या वाजवत वाजवत त्या आत शिरल्या. मला त्यांच्या यशाच्या सगळ्या आकड्यांपेक्षा हे जास्त भावतं.

आत शिरल्या तरी पुढची तीन वर्षं हाती काही लागलं नाही. १९६१ पासून १९६३ च्या उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या सहा रेकॉर्ड आल्या आणि एकही लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या चाळिसांत गेली नाही. एका रेकॉर्डवर मुख्य आवाज फ्लोचा होता, तीही पडली. ज्यांचं एकही गाणं चालत नाही त्या सुप्रीम्स, अशी त्यांची ओळख कंपनीतच झाली होती. मार्था अँड द व्हँडेलाज, मार्व्हेलेट्स हे मुलींचे गट त्याच घरातून निघून देशभर गाजत होते.

त्याच काळात एक निर्णय झाला. १९६३ च्या शेवटी गॉर्डी यांनी ठरवलं, यापुढे मुख्य गायिका डायना. तोवर तिघी आलटून पालटून गायच्या आणि फ्लोचा आवाज सगळ्यांत दणकट होता. इतका, की रेकॉर्डिंगच्या वेळी तिला मायक्रोफोनपासून लांब उभं करत. चर्चमध्ये पोसलेला, मोकळा, भरदार आवाज. डायनाचा आवाज बारीक, थोडा अनुनासिक, पण नेमका. मोटारीतल्या आणि खिशातल्या छोट्या रेडिओवर असा आवाज गर्दीतूनही उठून येतो. गॉर्डी यांना ते कळलं होतं. धंद्याच्या दृष्टीने त्यांचा कान चुकला नाही, हे मान्य करायलाच हवं. पण जिने गट उभा केला तिला त्या दिवसापासून मागच्या मायक्रोफोनवर जावं लागलं, हेही तितकंच खरं.

मग आला १९६४ चा उन्हाळा. हॉलंड, डोझियर आणि हॉलंड या तिघा गीतकार-संगीतकारांनी एक गाणं केलं होतं. ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’. ते आधी मार्व्हेलेट्सना देऊ केलं, त्यांनी नाकारलं. सुप्रीम्सनाही ते मुळीच आवडलं नव्हतं. फार साधं, पोरकट वाटलं. रेकॉर्डिंगच्या वेळी स्टुडिओत सगळ्यांची तोंडं उतरलेली. मागच्या दोघींसाठी बरीच गुंतागुंतीची सुरावट योजली होती, पण वादावादी इतकी झाली की ती सोडून दिली आणि त्यांना म्हणायला उरले फक्त ‘बेबी, बेबी’ हे दोन शब्द. सुरुवातीला पावलांचा ठेका ऐकू येतो ना, तो लाकडी फळ्यांवर पाय आपटून काढलाय. डायनाला नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं. आणि नेमकं तिथेच तिच्या आवाजात काहीतरी विरघळलं.

जूनमध्ये रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा तिघी डिक क्लार्क यांच्या फिरत्या जलशात होत्या. बसने गावोगाव, एका रात्री एक गाव. जाहिरातीत मोठ्या कलाकारांची नावं आणि शेवटी ‘आणि इतर’. या त्या ‘इतर’मध्ये. पण आठवड्यागणिक टाळ्या वाढायला लागल्या. त्यांचं नाव पुकारलं की प्रेक्षक ओरडायला लागले. कशामुळे, ते आधी त्यांनाच कळेना. गाणं रेडिओवर त्यांच्या पुढे धावत होतं आणि त्या बसमध्ये होत्या. ऑगस्टमध्ये ते पहिल्या क्रमांकावर पोचलं. जलसा संपला तेव्हा त्यांचं नाव सर्वांत वर होतं.

त्यानंतरचं यश मी भराभर सांगते, कारण ते सर्वपरिचित आहे. लागोपाठ पाच गाणी पहिल्या क्रमांकावर. १९६४ ते १९६९ मिळून अशी बारा. १९६६ मध्ये त्यांचा अल्बम बिलबोर्ड या संगीत-साप्ताहिकाच्या यादीत बीटल्सना खाली सारून अव्वल ठरला. केवळ मुलींच्या गटाने तिथवर पोचण्याची ती पहिलीच वेळ. एड सलिव्हन यांच्या टेलिव्हिजन कार्यक्रमात त्या पुनःपुन्हा दिसत होत्या. अमेरिकेत मतदानाच्या हक्कासाठी कृष्णवर्णीय माणसं मार खात होती त्याच वर्षांत, तीन कृष्णवर्णीय मुली मोत्यांच्या आणि टिकल्यांच्या पायघोळ झग्यांत, ताठ मानेने, घराघरांत दिसत होत्या. हे किती मोठं होतं ते आज उमगायला थोडा वेळ लागतो.

त्यामागची मेहनत मात्र सांगायलाच हवी. मोटाउनने मॅक्सीन पॉवेल या बाईंना खास शिकवायला ठेवलं होतं. बसायचं कसं, उठायचं कसं, गाडीतून उतरायचं कसं, मायक्रोफोन धरायचा कसा. राजवाडा आणि व्हाइट हाउस, या दोन्ही ठिकाणी शोभाल अशी तयारी करून घेते, असं त्या सांगायच्या. चॉली ॲटकिन्स हे जुने टॅप नर्तक पावलं बसवायचे. पण सगळंच तालमीत ठरत नसे. पुढे केलेला तळहात, ‘थांब’ म्हणणारा, ही सुप्रीम्सची सगळ्यांत प्रसिद्ध अदा. ती ठरली १९६५ मध्ये लंडनच्या टेलिव्हिजन स्टुडिओच्या स्वच्छतागृहात, कार्यक्रमाला उभं राहायच्या जरा आधी. टेम्प्टेशन्स या गटातले मित्र मदतीला होते.

आता पैशाकडे वळू. नव्या गायकांनी हे नीट ऐकावं असं मला मनापासून वाटतं. रेकॉर्ड विकली की गायकाला रॉयल्टी मिळते, पण आधी रेकॉर्डिंगचा खर्च त्यातून वळता होतो. गाणं पडलं तर तो खर्च पुढच्या गाण्याच्या खात्यावर चढतो. जे उरेल त्याचे तीन वाटे. गीतकाराचा हक्क वेगळा, आणि यांची गाणी तर दुसऱ्यांनीच लिहिलेली. वर मोटाउनचा असा कारभार, की रेकॉर्ड कंपनी तीच आणि कलाकारांची व्यवस्थापक संस्थाही तिचीच. म्हणजे कलाकाराच्या वतीने कंपनीशी भांडायचं ज्याने, तो कंपनीच्याच पगारावर. आणि या सगळ्यावर आणखी एक गोष्ट: गटाचं नाव कंपनीच्या मालकीचं.

फ्लोचं बिनसत गेलं ते इथपासून. कार्यक्रमात एक गाणं ती एकटी गायची. तेही पुढे डायनाकडे गेलं. फ्लो प्यायला लागली, वजन वाढलं, कार्यक्रम चुकायला लागले. हे खरं आहे, मी ते लपवणार नाही. पण १९६० मध्ये, अगदी कोवळ्या वयात, तिच्यावर बलात्कार झाला होता. मेरीने पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय, की त्यानंतर फ्लो पहिल्यासारखी राहिली नाही. ते दुःख पोटात ठेवून ती रोज रात्री हसऱ्या चेहऱ्याने रंगमंचावर उभी राहिली. तिला उपचारांची गरज होती, आधाराची गरज होती. कंपनीने काय केलं? सिंडी बर्डसाँग या गायिकेला गुपचूप तयार केलं. १९६७ च्या एप्रिलमध्ये सिंडी एका कार्यक्रमात फ्लोच्या जागी उभीही राहिली. त्याच उन्हाळ्यात लास व्हेगासच्या फ्लमिंगो हॉटेलबाहेर नवी पाटी झळकली, ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’. आणि जुलैमध्ये, ते कार्यक्रम चालू असतानाच, फ्लोला घरी पाठवलं. त्याच महिन्यात तिचं डेट्रॉइट दंगलीत जळत होतं.

डायनाला खलनायिका ठरवून मोकळं व्हायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. तीही तेवीस वर्षांची मुलगीच होती, आणि तिच्याइतकं राबणारं त्या घरात क्वचितच कुणी असेल. नाव कुणाचं आणि गट कुणाचा, हे ठरवायची सत्ता या तिघींपैकी एकीकडेही नव्हती.

१९६८ च्या फेब्रुवारीत फ्लोचा हिशेब मिटवण्यात आला. एकरकमी १,३९,८०४ डॉलर. आणि एक अट. यापुढे कुठल्याही जाहिरातीत, कुठल्याही रेकॉर्डवर, ‘मी सुप्रीम्समध्ये होते’ असं तिने म्हणायचं नाही.

ते नाव तिनेच निवडलं होतं, श्रोतेहो. यादीतून बोट ठेवून.

ती दुसऱ्या कंपनीत गेली. तिथे दोन रेकॉर्ड निघाल्या, पण ही गायिका कोण ते सांगायचीच बंदी, मग त्या विकणार कशा? अल्बम तयार होऊन पडून राहिला. मिळालेले पैसे वकिलाच्या हातून गेले, ही तिची तक्रार होती. मोटाउनवर ८७ लाख डॉलरचा दावा लावला, तो हरली. डेट्रॉइटच्या ब्युएना व्हिस्टा रस्त्यावर तिघी मैत्रिणींनी १९६५ मध्ये जवळजवळ घरं घेतली होती. फ्लोचं ते घर जप्तीत गेलं. पदरात तीन लहान मुली आणि सरकारी मदतीवर संसार. १९७५ मध्ये ही बातमी देशभर छापून आली.

त्या वर्षी एकदा ती पुन्हा गायली. डेट्रॉइटच्या फोर्ड ऑडिटोरियममध्ये, जोन लिट्ल या कृष्णवर्णीय तरुणीच्या खटल्यासाठी निधी उभारायचा होता, त्या कार्यक्रमात. वकिलाशी चाललेल्या प्रकरणातून थोडे पैसेही हाती आले, तिने नवीन घर घेतलं, पुन्हा गाण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. आणि २२ फेब्रुवारी १९७६ ला हृदयाच्या रक्तवाहिनीत गाठ होऊन ती गेली. वय बत्तीस. अंत्यसंस्काराला चर्चबाहेर हजारो माणसं जमली होती. डायना आली, मेरी आली.

डायनाने १९७० च्या जानेवारीतच गट सोडला होता. मेरी शेवटपर्यंत थांबली, १९७७ मध्ये गट विसर्जित होईपर्यंत. पुढे तिलाही त्या नावासाठी मोटाउनशी कोर्टात भांडावं लागलं. मग तिने एक काम अंगावर घेतलं. ज्या गटात एकही मूळ कलाकार नाही, त्याला जुनं नाव लावून तिकिटं विकता येऊ नयेत, असा कायदा व्हावा म्हणून ती राज्याराज्यांत जाऊन साक्ष देत फिरली. अमेरिकेच्या अनेक राज्यांत तो कायदा झाला. २०२१ मध्ये मेरी गेली.

आता ते १९६४ चं गाणं लावते. आधी फळ्यांवरची पावलं ऐकू येतील, मग डायनाचा आवाज. तो तुम्ही पूर्वी ऐकला असेल. आज मागे कान द्या. ‘बेबी, बेबी’ म्हणणारे दोन आवाज आहेत. एक मेरीचा. दुसरा फ्लोरेन्स बॅलर्डचा, सुप्रीम्समधल्या फ्लोरेन्स बॅलर्डचा.