गाडीत पण, सॅकमधे पण: एकच छोटा हॅम सेट घ्यायचा तर काय बघायचं

नमस्कार मंडळी! आजचा विषय बऱ्याच जणांच्या डोक्यात घोळत असतो, गाडीत लावता येईल आणि वेळ आली तर काढून डोंगरावर पण नेता येईल असा हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, एकच एचएफ (शॉर्टवेव्हवर लांब बोलायचा) सेट घ्यायचाय, तर कुठला घेऊ? लायसन्स आणि कॉलसाईन (हवेत सांगायची तुमची ओळख) तुमच्याकडे आहे असं धरून चालतो, नसेल तर आधी ते घ्या, मग सेट.

तर पहिली गोष्ट. सगळे वॉट बघतात. शंभर वॉटचा का दहा वॉटचा, तिथूनच भांडण सुरू. मी म्हणतो वॉट नंतर बघा, आधी दोन गोष्टी ठरवा, अँटेना कुठली असणार आणि बॅटरी केवढी उचलणार. कारण खरी गंमत तिथे आहे.

हे बघा, शंभर वॉटवरून दहा वॉटवर आलात की सिग्नल दहा डीबीने (डेसिबलने) पडतो. समोरच्याच्या मीटरवर सिग्नलची ताकद एस युनिटमधे दिसते, आणि एक एस युनिट म्हणजे सहा डीबी. म्हणजे समोरच्याला तुम्ही एस ९ येत होतात तर आता एस ७ च्या जरासं वर याल. बस्स. बँड शांत असेल तर तो आरामात ऐकेल. म्हणून क्यूआरपीवाले (कमी पॉवरवर बोलणारे) म्हणतात ना की दहा वॉट पुष्कळ झाले, ते खोटं नाहीये, पण ते झाडाला व्यवस्थित वायर टांगून बसलेले असतात हो! २० मीटर बँडला अर्ध्या वेव्हची (अर्ध्या तरंगलांबीची) वायर म्हणजे साधारण दहा मीटर, ती झाडावर चढवली की झालं काम.

गाडीवर काय चढवणार? ४० मीटर बँडला पाव वेव्हच दहा मीटर होते आणि तुमची व्हिप (गाडीवरची काठीसारखी अँटेना) असते जेमतेम दोन-अडीच मीटर, उरलेली लांबी कॉईलने भरून काढायची. एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळली ते सांगणारा आकडा) छान दिसतो, मीटर खूश, पण पॉवर कॉईलमधे आणि ग्राउंड लॉसमधे गरम होऊन जाते. एफिशियन्सी काही टक्क्यांतच असते. पाच टक्के धरा, म्हणजे दहा वॉटचा सेट हवेत अर्धा वॉट सोडणार आणि शंभर वॉटचा पाच. म्हणून गाडीत शंभर वॉट ही चैन नाही, गरज आहे.

मग कोणी म्हणेल, शंभरवालाच घेतो आणि डोंगरावर पॉवर कमी करतो, झालं की! इथेच फसायला होतं. पॉवर कमी केली की करंट त्याच प्रमाणात कमी होत नाही. पॉवर पाव केली तर करंट साधारण निम्माच होतो. येसूचा एफटी-८९१ फुल पॉवरला २३ अँपिअरपर्यंत खातो, २५ वॉटवर आणलात तरी दहा-बारा अँपिअर धरूनच चाला. आयकॉमचा आयसी-७०५ हा मुळातच दहा वॉटचा, तो ट्रान्समिटला तीन अँपिअरच्या आसपास घेतो. आणि नुसतं ऐकायला? ८९१ ला एक अँपिअर, एलेक्राफ्टच्या केएक्स२ ला १३५ मिलिअँपिअर एवढ्यात भागतं. दहा एएचची (अँपिअर-अवरची) बॅटरी घेऊन बसलात तर एकीकडे नुसतं ऐकून दहा तास, दुसरीकडे सत्तरच्या वर. आपण बोलतो कमी आणि ऐकतो जास्त, त्यामुळे स्पेकमधे रिसीव्ह करंटची ओळ आधी शोधा.

आता माझं मत सरळ सांगतो. निम्म्याहून जास्त वेळ गाडीत जाणार असेल तर ८९१ टाईपचा सेट. दोन किलोच्या आत आहे, पुढचं पॅनेल सुटं होतं, म्हणजे बॉडी सीटखाली आणि पॅनेल डॅशबोर्डवर, फक्त त्याचं किट वेगळं घ्यावं लागतं. २ मीटरचा व्हीएचएफ बँड (एचएफच्या वरचा, जवळपास बोलायचा) नाही त्यात, आतमधे ट्यूनर (अँटेना सेटशी जुळवून देणारं सर्किट) पण नाही, आणि मेनू असा खोल आहे की गाडी चालवताना त्यात शिरूच नका, खरंच नका, काय सेटिंग करायचं ते थांबून. व्हीएचएफ-यूएचएफ पण त्याच डब्यात पाहिजे आणि गाडीतच राहणार असेल तर आयसी-७१००, त्याचं कंट्रोल हेड वेगळंच असतं.

पाठीवर नेणं जास्त असेल तर ७०५, एचएफपासून ४३० मेगाहर्ट्झपर्यंत सगळं, स्वतःची बॅटरी, तिच्यावर पाच वॉट आणि बाहेरून सप्लाय दिला की दहा, स्क्रीनवर वॉटरफॉल (बँडवर कुठे सिग्नल आहेत ते दाखवणारं चित्र). पण ट्यूनर यातही नाही. झिगूचा जी९० मधला रस्ता, वीस वॉट, आतला ट्यूनर चांगला रुंद रेंजचा, पॅनेल पण सुटं होतं, फक्त एचएफ. नवीन माणूस वेडीवाकडी वायर टाकून प्रयोग करणार असेल तर तो ट्यूनर फार कामाला येतो. फक्त ट्यूनर अँटेना सुधारत नाही बरं का, सेटची समजूत काढतो एवढंच.

वायरिंगवर थोडा वेळ देतो कारण बहुतेक सेटची बदनामी तिथून होते. (केबल कॅमेऱ्यासमोर धरून) ही अडीच स्क्वेअर एमएमची वायर. बॅटरीपासून सेटपर्यंत तीन मीटर, म्हणजे जाऊन येऊन सहा मीटर तांबं. मीटरला साधारण सात मिलिओहम धरा, २२ अँपिअर वाहिले की जवळपास ०.९ व्होल्ट वायरमधेच गेले. सेटला पाहिजेत १३.८, पंधरा टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे खाली ११.७ पर्यंत. इंजिन बंद आहे, लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ला आहे, लोड आल्यावर ती अजून खाली बसते, त्यातून हे ०.९ गेले की तुम्ही काठावर. मग जोरात बोललं की सेट रिसेट होतो आणि माणूस म्हणतो सेट खराब. सहा स्क्वेअरची घ्या, ड्रॉप ०.४ वर येतो. थेट बॅटरीवरून ओढा, फ्यूज बॅटरीजवळ. शंभर वॉटचा सेट लायटरच्या सॉकेटवर चालवायचा विचारही नको, त्याचा फ्यूजच बहुधा दहा-पंधरा अँपिअरचा असतो. पोर्टेबलला लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी मस्त, संपत येईपर्यंत तेराच्या आसपास टिकून राहते.

आणि पैसे मोजायच्या आधी एक काम करा. कुणाचा तरी पोर्टेबल सेट मागून आणा, गाडीवर तात्पुरती अँटेना लावा, ४० मीटरला ऐका. इंजिन बंद, मग इंजिन चालू, मग यूएसबी चार्जर लावून. इंजिन चालू केल्यावर नॉइज एस २ वरून एस ७ ला गेला तर कुठलाही सेट घ्या, बहिराच राहणार. आधी चार्जर काढून बघा, मग बॉनेट आणि एक्झॉस्टला बॉडीशी जोडणाऱ्या पट्ट्या लावून बघा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर हे ऐकून बघितल्याशिवाय अँटेनासाठी छताला भोक पाडू नका.