चिरा, चुना, कौल आणि मंडळी

(दृश्य: छपरावर चार माणसं. कौलं हातोहात खाली येताहेत.)

पाऊस तोंडावर आलाय. मे महिन्यात कोकणात कुठंही मान वर केलीत, तर कौलारू छपरावर माणसं चढलेली दिसतील. कौलं चाळायची असतात. फुटलेलं काढायचं, सरकलेलं जागेवर बसवायचं, रिपा ठोकून बघायच्या, वाळवी लागलेला वासा बदलायचा. तेच काम इथं चाललंय. हे उपासनागृह आहे, दक्षिण कोकणातल्या एका छोट्या प्रोटेस्टंट मंडळीचं. मंडळी म्हणजे एकत्र उपासना करणारा ख्रिस्ती समाज. गावाचं नाव आम्ही मुद्दाम घेत नाही. याच बांधणीची, याच अवस्थेतली उपासनागृहं या किनाऱ्यावर आणखीही आहेत, आणि इथं जे दिसतंय ते त्यांनाही लागू आहे.

(दृश्य: एक कौल उलटं धरलेलं. ओल्या फडक्यानं पुसल्यावर अक्षरं दिसू लागतात.)

कौल उलटं केल्यावर ही अक्षरं दिसतात. शेवाळानं निम्मी खाल्ली आहेत, पण ‘बासेल मिशन’ एवढं वाचता येतं.

स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहराचं हे मिशन. मंगळुरात त्यांचं काम होतं. धर्मांतर केलं की माणसाचा पिढीजात धंदा सुटायचा, घर सुटायचं, मग खायचं काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे रोज उभा असायचा. म्हणून त्यांनी विणकाम काढलं, छापखाना काढला, आणि १८६५ साली नेत्रावतीच्या काठी जेप्पू इथं कौलांचा कारखाना काढला. जॉर्ज प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्यानं नदीच्या चिकणमातीवर प्रयोग करून हे कौल घडवलं. देशभर ज्याला आपण मंगलोरी कौल म्हणतो, त्याची सुरुवात तिथली.

त्याआधी कोकणात नळीची कौलं होती, कुंभारानं चाकावर केलेली. ती एकमेकांत अडकत नाहीत. वारा आला की सरकतात, माकड नाचलं की फुटतात. मंगलोरी कौलाला कडेला खाचा आहेत. एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसते, मागं असलेली खुंटी रिपेला धरते. वजन कमी, म्हणून खाली लाकूडही कमी लागतं. ही कौलं गलबतांत भरून उत्तरेकडे निघायची आणि बंदरा-बंदरावर उतरायची. पुढं देवळं, मशिदी, शाळा, कचेऱ्या, खोतांचे वाडे, सगळ्यांवर ती चढली. पहिल्या महायुद्धात जर्मन संबंधामुळे इंग्रज सरकारनं मिशनचे कारखाने ताब्यात घेतले, तोवर बाकीच्यांनीही भट्ट्या घातल्या होत्या.

कोकणातलं ख्रिस्ती माणूस परकं, असं अजूनही कुणी सहज बोलून जातं. बोलणाऱ्याच्या डोक्यावरचं छप्पर एकदा उलटून बघावं.

(दृश्य: बाणकोटची खाडी. सावित्रीचं मुख. वर किल्ल्याची तटबंदी.)

आता उत्तरेला जाऊ, जिथं स्कॉटिश मिशनऱ्यांनी ठाणं मांडलं. हे बाणकोट. १७५५-५६मध्ये किल्ला इंग्रजांकडे आला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असं नाव दिलं. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा पहिला माणूस, डोनाल्ड मिचेल, मुंबईला उतरला. त्याला जायचं होतं पुण्याला. पण पेशवाई बुडून जेमतेम पाच वर्षं झालेली. गव्हर्नर एल्फिन्स्टनना पुण्यात मिशनरी नको होता. लोक आधीच दुखावलेले, त्यात धर्माचं प्रकरण नको, असा त्यांचा हिशेब. म्हणून मिचेल या खाडीवर आला. वर्ष संपायच्या आत तो वारला.

त्याच्या मागोमाग आलेल्यांनी काम सोडलं नाही. जेम्स मिचेल, क्रॉफर्ड, कूपर, स्टीव्हन्सन. बाणकोट आणि हर्णै ही त्यांची ठाणी.

(दृश्य: हर्णै बंदर. लिलावासाठी मांडलेली मासळी. मागे सुवर्णदुर्ग.)

हर्णैचं हे बंदर आज मासळीच्या लिलावासाठी सगळ्यांना माहीत आहे. पण १८२७ नंतर रॉबर्ट नेस्बिट इथं मराठी शिकला आणि अशी शिकला, की मराठी बोलावी तर नेस्बिटनं, असं त्याच्या काळचे लोक म्हणायचे. १८२९मध्ये जॉन विल्सन आणि त्याची बायको मार्गारेट मुंबईत उतरले आणि भाषा शिकायला आधी याच किनाऱ्यावर आले. ज्याच्या नावानं मुंबईचं विल्सन कॉलेज आहे, तोच हा विल्सन. वर्षअखेरीपर्यंत दोघं मुंबईला परतले आणि मार्गारेटबाईंनी तिथं मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ साली त्या गेल्या. मुंबईत मुलींच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना त्यांचं नाव घ्यावंच लागतं, आणि त्यांच्या मराठीची बाराखडी कोकणात गिरवलेली आहे.

मिशनऱ्यांनी इथं शाळा काढल्या त्यात शिकवायला पंतोजी ब्राह्मणच असायचे, पगारी. पोरं मोडी शिकायची, हिशेब शिकायची, आणि त्याबरोबर शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, वाचायची. बाप्तिस्मे मात्र फार थोडे झाले. १८३०च्या दशकात पुण्याची वाट मोकळी झाली आणि मिशनऱ्यांनी आपला मुक्काम देशावर आणि मुंबईला हलवला.

(दृश्य: दापोली. छप्पर नसलेल्या चर्चच्या भिंती. भिंतीतून वर आलेला पिंपळ.)

दापोलीला जुनी माणसं अजून कॅम्प दापोली म्हणतात. १८१८नंतर इथं इंग्रजांची छावणी पडली. गोरे शिपाई, अधिकारी, पुढं पेन्शनर. त्यांच्यासाठी ही अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चची इमारत. छावणी गेली, गोरे गेले, आणि ज्या इमारतीला स्वतःची मंडळी नव्हती तिचं काय होतं, ते समोर आहे.

त्याच अँग्लिकन परंपरेतल्या एस. पी. जी. (सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल) मिशननं दापोलीत शाळा चालवली. आल्फ्रेड गॅडने या मिशनऱ्याच्या नावानं ती आज ए. जी. हायस्कूल म्हणून ओळखली जाते. याच मिशन शाळेतून १८९७ साली पांडुरंग वामन काणे मॅट्रिक झाले. पुढं धर्मशास्त्राचा इतिहास लिहून १९६३मध्ये भारतरत्न झाले ते काणे. पालगडचे साने गुरुजीही दापोलीच्या मिशन शाळेत शिकले. यातलं कुणी ख्रिस्ती झालं नाही. मिशन म्हटलं की फक्त धर्मांतर मोजणाऱ्यांनी या पटावरची नावंही मोजावीत.

धर्म बदलून पुढं साऱ्या मराठी मंडळ्यांचा आवाज झाला, तो माणूसही कोकणचाच. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, करजगाव. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईला झाला आणि कर्मभूमी अहमदनगर ठरली, पण त्यांची भजनं या किनाऱ्यावरच्या प्रत्येक मंडळीला पाठ आहेत.

(दृश्य: उपासना. पेटी, तबला, झांजा. पुढच्या बाकावर म्हाताऱ्या बायका, डोक्यावर पदर.)

(निवेदन थांबतं. भजनाचं एक कडवं पूर्ण ऐकू द्यावं.)

(दृश्य: उपासनागृहाचा आतला भाग. उंच खिडक्या, मधोमध उपदेशासन.)

गोवा इथून जवळ. त्यामुळे चर्च म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दोन मनोरे, सोनेरी वेदी, संतांचे पुतळे येतात. ते कॅथलिक चर्च. इथं पुतळा नाही, चित्र नाही. सगळ्या बाकांची तोंडं उपदेशासनाकडे, कारण या परंपरेत बायबलमधल्या वचनाचं वाचन आणि त्यावरचा उपदेश मध्यभागी आहे. एक लांब दालन, दोन्ही बाजूंना ओसरी, वर उतरतं छप्पर. बाहेरून बघणाऱ्याला ही मराठी शाळा वाटावी, आणि आठवडाभर इथं शाळाच भरायची.

दक्षिण कोकणात अशी उपासनागृहं बांधली ती अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननं. प्रेस्बिटेरियन हा प्रोटेस्टंटांमधलाच एक पंथ. १८५२ साली रॉयल वाइल्डर कोल्हापूरला आले, तिथून घाट उतरून १८७३मध्ये रत्नागिरीला ठाणं झालं आणि १९००मध्ये वेंगुर्ल्याला.

वेंगुर्ल्यात तसे प्रोटेस्टंट त्याच्याही अडीचशे वर्षं आधी येऊन गेले होते.

(दृश्य: डच वखारीचे अवशेष.)

ही डच वखार, १६३७च्या सुमाराची. डच लोक व्यापाराला आले, व्यापार करून गेले. मंडळी जमवायची त्यांना गरज वाटली नाही. दगड तेवढे राहिले.

अमेरिकनांनी मात्र इथं दवाखाना बांधला. सेंट ल्यूक्स हॉस्पिटल. डॉक्टर रॉबर्ट गोहीन यांनी तो नावारूपाला आणला. रुग्ण खाडीपलीकडून होडीत घालून आणले जायचे. डॉक्टरांचा मुलगा रॉबर्ट याच वेंगुर्ल्यात १९१९ साली जन्मला, तारीख १५ ऑगस्ट. तो पुढं प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात परतला.

दवाखान्यात परिचारिका म्हणून शिकलेल्या मुली, शाळेतले मास्तर, अनाथालयात वाढलेली पोरं, मिशनच्या सुतारखान्यातले सुतार. मंडळी उभी राहिली ती यांच्यातून. बाप्तिस्मा घेतला की वाळीत पडायचं, विहीर बंद व्हायची. १८५०च्या कायद्यानं वारसाहक्क कागदावर शाबूत ठेवला, पण भाऊबंदांनी तो मानला नाही. म्हणून मिशनचं कंपाउंड, म्हणून कंपाउंडातली स्वतंत्र विहीर.

(दृश्य: विहीर. रहाट. मग चिरेखाण: यंत्राची पाती, लाल धुरळा.)

आणि आता हा दगड. जांभा. कोकणातला माणूस याला चिरा म्हणतो. जमिनीतून काढला तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं तासता येतो. वारा लागला की कडक होतो. आज खाणीत यंत्रानं कापतात, पूर्वी पाथरवट एकेक चिरा हातानं उतरवायचा. या भिंतीवर जवळून बघा, तिरक्या रेषा दिसतील. त्या हत्याराच्या खुणा आहेत.

चिऱ्यात बारीक भोकं असतात. तो पाणी पितो आणि उन्हात सोडतो. कोकणच्या पावसात अशी भिंत टिकते ती याच गुणामुळे, पण एका अटीवर: तिला श्वास घेऊ द्यायला हवा. जुन्या गवंड्यांना ते माहीत होतं. त्यांनी चुना वापरला. खाडीतले शिंपले भाजायचे, पाण्यात विरवायचे, मग घाणीत वाळूबरोबर मळायचे. बैल गोल फिरतोय, दगडी चाक चरातून फिरतंय, आणि वरून गुळाचं पाणी. असा चुना ओल बाहेर जाऊ देतो.

(दृश्य: उत्तरेकडची भिंत. सिमेंटचा गिलावा पोपडे धरून सुटलेला.)

ही उत्तरेची भिंत. मधल्या काळात कुणीतरी चांगल्या मनानं तिला सिमेंटचा गिलावा केला. पाणी आत शिरलं ते आतच राहिलं. गिलावा फुगला, मागचा चिरा भुसभुशीत झाला. लोक म्हणाले, इमारत जुनी झाली, पाडा आणि स्लॅब टाका. इमारत म्हातारी झालेली नाही. तिला प्लॅस्टिकचा सदरा घातला आहे, तो काढायचा आहे. स्लॅब टाकला तर पाच-सात पावसाळ्यांत वर पत्रा चढवावा लागतो, हे गावोगाव दिसतं. चिऱ्याची भिंत आणि कौलाचं छप्पर दर उन्हाळ्याला थोडे हात मागतं, बाकी काही मागत नाही.

हात मात्र कमी झाले आहेत. मुलं मुंबई-पुण्याला गेली, मिशनचं काम आटोपलं, १९२४मध्ये काही प्रोटेस्टंट पंथांच्या मंडळ्यांचं ऐक्य झालं, १९७०मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, आणि जमिनींचे वाद ठिकठिकाणी कोर्टात गेले.

(दृश्य: कापणीचा सण. वेदीपुढे भाताच्या लोंब्या, नारळ, सुपाऱ्या, भोपळे, कोंबडा.)

हा कापणीचा सण, गेल्या हंगामातला. पहिलं पीक देवापुढे ठेवायचं. उपासना संपली की ओसरीवर लिलाव. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, स्वतः बोली लावतात. शेजारचे हिंदू, मुसलमान सगळे येतात. या कोंबड्यावर दोन भावांची बोली लागलीय, बघा कुठपर्यंत जाते.

(आवाज: बोली, हशा. पूर्ण चालू द्यावं.)

छपराची लाकडं याच पैशातून आली. वासे फणसाचे, मंडळीतल्या एका घरानं दिले. सुतार गावातलेच, त्यांच्या आजोबांनी इथले बाक केले होते. ते बाक सागाचे आहेत आणि एकही बदललेला नाही.

(दृश्य: शेवटची ओळ. आढ्यावरची कौलं चुन्यात बसवताहेत. समुद्राकडून ढग.)

आढ्यावरची कौलं शेवटी बसतात. खाली चुना, वर कौल, सांधा बोटानं सारखा करायचा. आज एवढं उरकलं की छप्पर झालं. पश्चिमेच्या ओसरीला उद्या झापं बांधतील, सरी तिथूनच मारतात.

उत्तरेची भिंत यंदा राहील. सिमेंट खरवडायचं काम ओल्यात करता येत नाही, ते दिवाळीनंतर. शिंपले मात्र आत्ताच गोळा करून ठेवलेत, आणि घाणीचा दगड मंडळीच्या परसात पडलेला सापडलाय. बैल भाड्यानं मिळेल. चुना मळणारा गवंडी शोधणं चालू आहे. कुणाच्या गावात असेल तर मंडळीच्या पंचांना कळवावं.